चारशे बारा वाक्यं

आमच्या राजमतीचं ठरलेलं लग्न मोडलं ते २०३१ साल. साखरपुडा होऊन अठरा दिवस झाले होते. त्याच साली कुपीचा कायदा आला. या दोन गोष्टींचा संबंध आहे, म्हणून एकदमच सांगतो.

राजमती माझी धाकटी मुलगी. पोटात दुखायचं म्हणून तिनं एका ठिकाणी तपासणी करून घेतली. अहवाल इंटरनेटवर आला. तिचा फोन दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिनं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नेट सेंटरवर तो उघडला, वाचला, खिडकी बंद केली आणि घरी आली. अहवालाची एक प्रत त्या संगणकाच्या तात्पुरत्या फायलींत पडून राहिली. तिच्यानंतर त्याच खुर्चीवर कुणीतरी बसलं. त्यानं फुकट सिनेमाचं एक पान उघडलं. त्या पानाआड लपलेल्या प्रोग्रॅमनं तिथं पडलेला सगळा ढीग उपसून नेला. आठ दिवसांत अहवाल इचलकरंजीतल्या निम्म्या फोनांवर होता. "गर्भाशयात गाठी, मूल राहणे अवघड" एवढीच ओळ लोकांनी वाचली.

नवऱ्या मुलाच्या मामांचा फोन आला. "तुमची पोरगी लाख मोलाची हाय पावणं, पर आमचा एकुलता एक हाय."

सोनाक्का, माझी बायको, शेजारीच उभी होती. तिनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि ओरडली, "एकुलता एक हाय तर कुलपात घालून ठेवा त्याला!" तिचा आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला असणार. तो आवाजच तसा होता. ती यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायची. चाळीस माग एकदम चालत असताना माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. पण सोनाक्कानं दारातून "कांडीऽऽ" म्हटलं की शेवटच्या मागावरचा माणूस मान वर करायचा. मीही त्या शेडमध्येच चौतीस वर्षं माग चालवला. लग्नाआधी मी तिला पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं.

आमचा थोरला मुलगा सुकुमार पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. तो दिवाळीला आला तेव्हा दोन दिवस राजमतीशी काही बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला.

"आप्पा, शेडमध्ये वाया गेलेलं सूत तुम्ही कुठं टाकत होता?"

"कुठं म्हंजे? कोपऱ्यात. ढीग असायचा."

"चाळीस मागांचं एकाच ढिगात?"

"व्हय."

"मग त्या ढिगात कुणी हात घातला, तर कुठल्या मागावर कसलं कापड चाललंय ते कळत होतं का नाही?"

"कळायचं की. रंगीत सूत दिसलं की आम्ही वळखायचो, शेठनं कुणाची ऑर्डर घेतलीया ती."

"राजमतीचं तसंच झालं," तो म्हणाला.

मग त्यानं मला नीट समजावलं. आपण इंटरनेटवर एखादं पान बघतो तेव्हा संगणक ते नुसतं दाखवत नाही. काम करता करता तो चित्रं, अर्धवट भरलेले अर्ज, उतरवून घेतलेले कागद बाजूला टाकत जातो. त्या तात्पुरत्या फायली. काम झालं की त्या पुसायच्या असतात, पण पुसायचं राहून जातं. आणि सगळ्या प्रोग्रॅमांच्या तात्पुरत्या फायली एकाच जागी पडतात, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला दिसतं. नव्या कायद्यानं हे बंद होणार होतं. प्रत्येक पान आपापल्या बंद खोलीत उघडायचं. त्या खोलीला लोक कुपी म्हणायला लागले. कुपीतल्या पानाला वाटतं की तात्पुरत्या फायलींची जागा नेहमीचीच आहे, नावही तेच, पण ती जागा फक्त त्याच्यापुरती असते. दुसऱ्या कुपीतून ती दिसतच नाही.

"म्हंजे परत्येक मागाखाली येगळी टोपली," मी म्हणालो.

"बरोबर. आणि माग थांबला की टोपली जळून जाते."

जळणं कसं, तेही त्यानं सांगितलं. कुपी उघडते तेव्हा यंत्र एक किल्ली तयार करतं. आत जे पडेल ते त्या किल्लीनं कुलूपबंद होतं. ती किल्ली कुठंच उतरून ठेवलेली नसते. कुपी मिटली की किल्ली नाहीशी होते. मग ती टोपली चोराच्या हाती लागो की पोलिसाच्या, आत नुसता भुसा.

"त्वा केलास तरी तुला उघडता येनार न्हाई?"

"मलासुद्धा नाही. तेच तर काम आहे, आप्पा."

त्यानं जुनी नोकरी सोडली आणि कुपी करणाऱ्या मंडळींत गेला. पगार कमी होता. दोन वर्षांत बँकेत, दवाखान्यात, फोनवर, सगळीकडे कुपी आली. राजमतीसारखं पुन्हा कुणाचं झालेलं माझ्या तरी कानावर आलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो. कुपी वाईट नव्हती.

राजमतीनं पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. तिनं बस्तीच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांना अक्षरं शिकवायचा वर्ग काढला. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. माग सुटून मी रिकामाच होतो. एकोणसाठाव्या वर्षी मी मुलीपुढं पाटी धरून बसलो. सोनाक्का यायची नाही. म्हणायची, "मला तोंड हाय. ज्याला तोंड न्हाई त्यानं लिवावं."

२०३५ च्या उन्हाळ्यात तिचा आवाज बसला. आधी वाटलं थंड पाणी प्यायलं. मग वाटलं शेडमधल्या धुळीचं आहे. मिरजेला नेलं तर गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑगस्टच्या दोन तारखेला भरती, तीनला ऑपरेशन. पुढं ढकलता येणार नाही.

"म्हंजे मी मुकी?" सोनाक्कानं विचारलं.

"मुक्या नाही आजी. तुमचाच आवाज तुम्हाला परत देता येईल."

गळ्यावर एक पट्टी चिकटवायची. माणूस बोलायला जातो तेव्हा जीभ आणि जबडा हलतो, तो पट्टीला कळतो आणि ती शब्द बोलून दाखवते. कुणाच्या आवाजात बोलायचं, ते आपण ठरवायचं. आपलाच आवाज हवा असेल तर ऑपरेशनच्या आधी चारशे बारा वाक्यं म्हणून द्यायची. त्यांत मराठीतले सगळे आवाज सगळ्या जोडण्यांनी येतात. त्यावरून आवाजाचा साचा बनतो. लग्नातल्या चित्रफिती, फोनवरचे जुने निरोप चालत नव्हते. मेलेल्या माणसांचे आवाज बनवून लोकांना फसवण्याचे प्रकार फार झाल्यामुळे, जिवंत माणसानं स्वतः बसून, कुपीच्या आत दिलेला आवाजच कायद्याला मान्य होता. तो कच्चा आवाजही कुपीबाहेर जात नव्हता. साचा आतच तयार व्हायचा, आणि तेवढाच बाहेर पडायचा.

आमच्या वॉर्डातल्या सुविधा केंद्रात मुजावरबाई म्हणून चाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांनी मागची छोटी खोली आणि एक संगणक आम्हाला नऊ दिवसांसाठी मोकळा करून दिला. रोज सकाळी तास-दीड तास, सोनाक्काचा गळा चालेल तेवढं. उठताना मुजावरबाई स्वतः येऊन पिवळं बटण दाबायच्या. त्यानं कुपी झाकली जायची, मिटायची नाही. आतलं आत राहायचं.

सोनाक्काला वाचता येत नव्हतं. मी एकेक वाक्य वाचायचो, ती मागून म्हणायची. मला वेळ लागायचा, तिला दम नव्हता.

"'माझ्या अंगणात झेंडू फुलला आहे,'" मी वाचलं.

"कुठलं अंगान? नळ हाय आमच्या दारात. खोटं कशाला बोलू?"

"अगं, म्हनायचं असतं नुसतं."

"नळ फुललाय म्हनू?"

मुजावरबाई बाहेर हसत होत्या. पुढचं वाक्य होतं, "कांदा बारीक चिरून घ्या." चातुर्मास लागला होता. आमच्यात चार महिने कांद्याला हात लावत नाहीत. सोनाक्का तोंड मिटून बसली. "नाव बी घेनार न्हाई." अर्धा तास गेला. शेवटी सुकुमारला फोन लावला. तो म्हणाला, "आई, नाव घेतल्यानं खाल्लं होत नाही."

"तुला काय ठाऊक, त्वा हॉस्टेलात रोज खात हुतास."

"बरं, खाल्ला. आता म्हण."

ती म्हणाली. त्या वाक्यात ती इतकी रागावली होती की मुजावरबाई म्हणाल्या, "चाची, हा साचा लावला तर कांदा स्वतःहून चिरला जाईल."

सातव्या दिवसापासून तिच्या थुंकीतून रक्त यायला लागलं. तरी ती बसायची. म्हणायची, "राजमतीला हाक मारायला पायजे. दुसऱ्याच बाईनं मारली तर तिला कळनार कसं?"

नववा दिवस म्हणजे ऑगस्टची एक तारीख. शेवटचं वाक्य बाराला पाच मिनिटं असताना झालं. पडद्यावर आलं, "सर्व वाक्ये पूर्ण. धन्यवाद." सोनाक्काला चक्कर येत होती. राजमती बाहेर रिक्षा घेऊन थांबली होती, तिनं आईला धरून नेलं. मुजावरबाई पुढच्या खोलीत रेशनकार्डाच्या गर्दीत अडकल्या होत्या. मी एकटा मागं राहिलो.

आता यंत्रमागावरची एक रीत सांगावी लागेल. पाळी संपली की दुसऱ्या पाळीच्या माणसाला माग घाणेरडा द्यायचा नाही. माग थांबवायचा, झाडायचा, खालचं वाया गेलेलं सूत काढून टाकायचं, पुसायचा, मगच जागा सोडायची. तसाच टाकून जाणाऱ्याची शेडमध्ये किंमत राहत नसे. चौतीस वर्षं मी एकदाही तसा टाकून गेलो नव्हतो. मी खुर्ची सरळ केली. खिशातल्या फडक्यानं टेबल पुसलं. मायक्रोफोनवर सोनाक्काच्या थुंकीचे लाल ठिपके होते, ते पुसले. आणि पडद्यावरचं लाल बटण दाबलं.

पडद्यानं विचारलं, "कुपी मिटवायची? आतील सर्व तात्पुरत्या फायली कायमच्या नष्ट होतील."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. सगळं बरोबर वाचलं. तात्पुरत्या फायली म्हणजे काय, तेही मला माहीत होतं. मुलानंच सांगितलं होतं. मागाखालची टोपली. कापड गुंडाळून झालं, वाक्यं पूर्ण झाली, धन्यवादही म्हणून झालं. आता उरलं ते वाया गेलेलं सूत. मी "होय" दाबलं. पडद्यानं पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा "होय" दाबलं.

कापड अजून आतच होतं. वाक्यं पूर्ण झाल्यावर साचा बनायला चाळीस मिनिटं लागत होती. नऊ दिवसांचा आवाज त्याच तात्पुरत्या फायलींत होता, दुसरीकडे कुठंच नव्हता. मला वाचता आलं नसतं, तर मी मुजावरबाईंना हाक मारली असती.

त्या आल्या तेव्हा मी दारापर्यंत पोचलो होतो.

"चाचा, मशीन बंद कसं काय?"

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी म्हणालो, "आपोआपच झालं. लाल दिसलं आनि गेलं."

चौतीस वर्षांत मी शेठला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. हे मात्र सहज आलं.

सुकुमारला फोन लावला. तो म्हणाला, "कुपी आपोआप मिटत नाही, आप्पा."

"मग काय मी खोटं बोलतो?"

"मी बघतो," म्हणाला. पंधरा मिनिटांनी त्याचाच फोन आला. आवाज बदललेला होता. "झालं असेल आपोआप. आमच्याकडूनच काहीतरी राहिलंय. आईला सांगा, माझी चूक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती होती. म्हणून त्याच दुपारी पुन्हा बसायचा प्रयत्न केला. अकरा वाक्यं झाली आणि ती रक्त ओकली. डॉक्टरबाईंनी फोनवरच सांगितलं, आता एक शब्दही नको.

मी सोनाक्काला सांगितलं ते एवढंच: सुकुमारच्या कुपीनं खाल्लं सगळं.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्यावर पट्टी आली. तिच्यात बायकांचे चार तयार आवाज होते. राजमतीनं त्यातल्या त्यात जाड आवाज निवडला. तरी ती बाई परकीच होती. आमच्याकडे बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात. सोनाक्का तोंडानं "मी जेवलो" म्हणायची आणि गळ्यातली बाई सुधारून सांगायची, "मी जेवले." ती "आलास व्हय रं मुडद्या" म्हणायची, बाई म्हणायची, "तू आलास का?" शेजारची मालूताई हसून म्हणाली, "सोनाक्का, आता तुझ्या हातचा चहा बी गाळून येईल बघ." दोनच आठवड्यांत सोनाक्कानं पट्टी काढून कपाटात टाकली.

शेडमध्ये आवाजामुळे आम्ही हातानं बोलायचो. बोटाभोवती बोट फिरवलं की कांडी संपली. मूठ आपटली की माग थांबव. कानावर हात ठेवला की ऐकू आलं नाही. सोनाक्का त्या भाषेत परत गेली. ती भाषा घरात मला एकट्याला येत होती. राजमती थोडी शिकली. ती आता सगळ्या घराशी माझ्या तोंडून बोलत होती. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलंही होतं.

सप्टेंबरात पर्युषण पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकाकडे हात जोडून क्षमा मागतो आणि समोरच्यानं ती करायची असते. जन्माची भांडणंही त्या दिवशी मिटवतात. सुकुमार पुण्याहून पहिल्या गाडीनं आला. आईसमोर बसून हात जोडले. "उत्तम क्षमा, आई."

सोनाक्का उठली. कपाटातून पट्टी काढून गळ्याला लावली. आम्हाला वाटलं, आता बोलणार, मिटलं. तिचे ओठ हलले आणि ती परकी बाई गोड आवाजात म्हणाली, "क्षमा या बाईकडून घे. माझ्याकडून मिळणार नाही."

मग तिनं पट्टी काढून त्याच्या हातात दिली.

मी तिथंच होतो. मीही हात जोडून बसलो होतो. तोंड उघडायला तो दिवस होता. मी उघडलं नाही.

जेवताना सुकुमार राजमतीला म्हणाला, "मी वर प्रस्ताव देतोय. आवाजाचं काम असेल तर कुपी मिटल्यावरही आतलं दहा दिवस जपून ठेवायचं. तेवढी एक सवलत."

राजमतीनं ताटातून मान वर केली नाही. "जपून कोन ठेवनार, दादा?"

"यंत्रच. कुलपात."

"त्या कुलपाची किल्ली दहा दिवस कुठंतरी राहनार न्हवं? म्हंजे कुनालातरी घावनार. माझा अहवाल बी असाच पडून राहिला हुता." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आईसाठी करू नगंस. आनि माझ्यासाठी बी नगं. भोक ठेवू नगंस."

त्यानं प्रस्ताव दिला नाही.

पुढच्या वर्षीच्या क्षमावणीला तो पुन्हा आला. सोनाक्का आतल्या खोलीत गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. भर दुपार होती. पुण्याची गाडी लागली नव्हती. बाकावर बसून त्यानं बुटाची नाडी बांधली. तेव्हा त्याच्या डोक्यावर मला टक्कल दिसलं. छत्तीस वर्षांचा होता.

मी म्हणालो, "सुकुमार, ते बटान म्या दाबलं हुतं."

तो नाडीच बांधत राहिला. "मला ठाऊक आहे."

"कधीपासनं?"

"त्याच दिवसापासून. कुपी मिटली की आतलं काही राहत नाही. पण किती वाजता मिटली आणि कशानं मिटली, एवढी एक ओळ बाहेर राहते. बारा वाजून सात मिनिटं. वापरणाऱ्यानं मिटवली, दोनदा विचारून."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? वाया सुताची टोपली म्हणून मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. कापड कधीकधी त्याच टोपलीत असतं, हे सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही सोपं करून मागितलं आणि मी सोपं केलं."

"तुझी आई वरीसभर तुझ्याशी…"

"आप्पा, मी पुण्याला राहतो. माझ्याशी बोलली नाही तरी तिचं चालतं. तुमच्याशी ती हातानं तरी बोलते. ते बंद झालं असतं, तर ती कुणाशी बोलली असती?" गाडी लागली. त्यानं पिशवी उचलली. "तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. मी सांगणार नाही."

माझ्या पाया पडून तो गाडीत चढला. खिडकीतून त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन सांगायचं, असं स्टँडवरच ठरवलं होतं. घरी आलो तर सोनाक्का ज्वारी निवडत होती. तिनं हातानं विचारलं, गेला? मी मान हलवली. आज नको, म्हटलं. असं म्हणत एक वर्ष गेलं. त्या वर्षात तिची गाठ फुप्फुसात उतरली. सुकुमार औषधं पाठवत राहिला आणि ती औषधं मीच आणतो असं तिला वाटत राहिलं, कारण त्याचं नाव घेतलं तर ती गिळत नसे.

२०३७ च्या क्षमावणीला मी सकाळी आंघोळ करून तिच्या खाटेसमोर जमिनीवर बसलो. सुकुमार त्या वर्षी आला नव्हता, मीच येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. राजमती बस्तीत गेली होती. घरात आम्ही दोघंच.

मी हात जोडले. म्हणालो, "सोनाक्का, उत्तम क्षमा. सुकुमारची कायबी चूक न्हवती. ती कुपी म्या मिटवली. म्या बटान दाबलं आनि खोटं बोललो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हात उचलून कानावर ठेवला. ऐकू आलं नाही.

तिचे कान चांगले होते. दारात मांजर आलं तरी तिला कळायचं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, शब्द तोडून तोडून. तिचे डोळे भरले. हात पुन्हा कानावर गेला आणि या वेळी तिथंच राहिला.

ऐकलं असतं तर तिला माझ्याशी बोलणं बंद करावं लागलं असतं, आणि तिच्या हातांची भाषा कळणारं मी सोडून कुणी नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं. तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं तिनं कानावरचा हात काढला आणि पाणी मागितलं. मी दिलं. सुकुमारची चूक त्याच्याकडेच राहिली.

जानेवारीत तिनं अन्न सोडलं. सुकुमार आला आणि चार दिवस बाहेरच्या खोलीत बसून राहिला. राजमतीनं दोनदा विचारलं, दादाला आत बोलावू का. सोनाक्कानं भिंतीकडे तोंड केलं. मी खाटेच्या कडेला होतो. तिचा हात माझ्या हातात होता, म्हणून तिनं शेवटी काही सांगितलं असलं तरी मला ते दिसलं नाही.

माझी बायको सोनाक्का भूपाल चौगुले बावीस जानेवारी २०३८ ला, शुक्रवारी, सकाळी साडेनऊ वाजता वारली. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती.